अद्ययावत प्रणाली मंदावते तेव्हा : हिशेबाच्या संगणकाचे निदान कसे करावे?

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे गाव सुभेदार तानाजी मालुसरे यांच्या समाधीमुळे साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या अशा गावांचा व्यवहार मात्र इतिहासावर चालत नाही. तो खत-बियाण्यांच्या दुकानावर, विविध कार्यकारी सोसायटीच्या पीककर्जावर, टपाल खात्यातील बचतीवर आणि पोलादपूर-महाडच्या बाजारपेठेतील उधारीवर चालतो. हे चारही व्यवहार आता संगणकावर आले आहेत. त्यामुळे व्यवसाय व्यवस्थापनाची प्रणाली, म्हणजे हिशेब, साठा, कर्ज, वसुली आणि करविवरण एकत्र सांभाळणारी आज्ञावली, अद्ययावत केल्यानंतर मंदावली, की त्याचा फटका थेट ग्राहकाला बसतो.

पीककर्जाचे उदाहरण बोलके आहे. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जाची मुदतीत परतफेड करणाऱ्या शेतकऱ्याला व्याज सवलतीचा लाभ मिळतो. मार्चअखेरीस रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा भरणा त्याच दिवशी नोंदला जाणे म्हणूनच महत्त्वाचे असते. व्यापाऱ्याचीही स्थिती वेगळी नाही. वस्तू व सेवा कराचे मासिक ‘जीएसटीआर-१’ विवरण पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि ‘जीएसटीआर-३बी’ २० तारखेपर्यंत भरावे लागते. उशीर झाल्यास दिवसागणिक विलंब शुल्क आकारले जाते. प्रणाली नेमकी याच दिवसांत अडखळली, तर कारण शोधायला सवड उरत नाही. त्यामुळे निदानाची पद्धत आधीच माहीत असणे हिताचे ठरते.

गावापर्यंत पोहोचलेले बदल

गेल्या काही वर्षांत ग्रामीण व्यवहाराच्या तीन प्रमुख प्रणाली बदलल्या. पहिली व्यापाऱ्यांची ‘टॅली’. श्यामसुंदर गोएंका आणि भरत गोएंका यांनी १९८६ मध्ये बंगळुरूत सुरू केलेल्या उद्योगाची ही आज्ञावली छोट्या दुकानांपर्यंत पोहोचली. २००९ मध्ये ‘टॅली.ईआरपी ९’ ही आवृत्ती आली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ‘टॅलीप्राइम’ने तिची जागा घेतली. २०२३ मध्ये आलेल्या ‘टॅलीप्राइम ३.०’साठी जुन्या माहितीचे स्थलांतर करणे आवश्यक झाले. स्थलांतरित माहिती पूर्वीच्या आवृत्तीत उघडत नाही, ही बाब अनेकांच्या ध्यानात उशिरा आली.

दुसरी प्रणाली सहकाराची. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी मंजुरी दिली. आरंभी ६३ हजार संस्था आणि २,५१६ कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या प्रकल्पात देशभर एकच सामाईक प्रणाली वापरून सोसायट्या जिल्हा बँक, राज्य बँक आणि नाबार्ड यांच्याशी जोडण्याचे ठरले. गटसचिवाच्या खतावणीतील नोंदी त्यासाठी नव्या साच्यात ओतणे भाग होते.

तिसरी प्रणाली टपाल खात्याची. ‘अॅडव्हान्स्ड पोस्टल टेक्नॉलॉजी’ ही नवी प्रणाली टप्प्याटप्प्याने आणून ४ ऑगस्ट २०२५ रोजी देशभर लागू करण्यात आली. सुमारे १ लाख ६४ हजार टपाल कार्यालये तिच्या कक्षेत आली. रक्षाबंधन ९ ऑगस्टला असल्याने राख्यांच्या टपालाची गर्दी त्याच आठवड्यात होती. सुरुवातीच्या दिवसांत अनेक शहरांत व्यवहार मंदावल्याच्या आणि खिडकीसमोर रांगा लागल्याच्या बातम्या आल्या.

मोठ्या संस्थाही या दुखण्यातून सुटलेल्या नाहीत. आयकर विभागाचे ७ जून २०२१ रोजी सुरू झालेले नवे संकेतस्थळ कित्येक आठवडे अडखळत होते. पुढे विवरणपत्राची मुदत वाढवावी लागली. ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सर्व खाती नव्या प्रणालीत नेली आणि सुमारे १९ लाख ग्राहकांना आपली खाती पाहता येईनात. नवी प्रणाली दोन माहिती केंद्रांवर चालणार होती, पण भाराची चाचणी एकाच केंद्रावर झाली होती, असे नंतरच्या चौकशीत आढळले. डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड झाला. चार नोंदींवर चाचणी घेऊन प्रणाली ‘चालते’ असे ठरवू नये, हा या प्रकरणाचा धडा सोसायटीपासून बँकेपर्यंत सर्वांना लागू पडतो.

पहिला प्रश्न : माहिती कोठे आहे?

निदानाची सुरुवात एका साध्या प्रश्नाने करावी. हिशेबाची माहिती समोरच्या संगणकावर आहे, दुकानातील दुसऱ्या संगणकावर आहे, की दूरच्या सर्व्हरवर? उत्तरानुसार पुढची वाट बदलते.

माहिती समोरच्याच संगणकावर असेल, तर इंटरनेटला दोष देण्यात फारसा अर्थ नाही. मंदपणाचे मूळ बहुधा यंत्रात, माहितीच्या फायलीत किंवा अन्य आज्ञावल्यांत असते. माहिती दुकानातील दुसऱ्या संगणकावर असेल, तर दोन यंत्रांमधील जोडणी संशयाच्या यादीत येते. माहिती दूरच्या सर्व्हरवर असेल, जशी सोसायटी आणि टपाल खात्याच्या प्रणालीत असते, तर गावातील कर्मचाऱ्याच्या हाती दोनच गोष्टी राहतात : आपल्या बाजूची जोडणी तपासणे आणि पुराव्यासह तक्रार नोंदवणे. अशा ठिकाणी संगणकाची फेरमांडणी करण्यात दिवस घालवणे व्यर्थ असते.

दुसरा प्रश्न : नेमके काय मंद आहे?

‘सगळेच हळू झाले’ या तक्रारीवरून कोणालाही निदान करता येत नाही. वहीच्या एका पानावर चार कामे लिहावीत : प्रणाली उघडणे, एक पावती जतन करणे, खातेउतारा काढणे आणि छपाई. प्रत्येक कामाला लागणारा वेळ घड्याळ लावून तीनदा मोजावा आणि वेळेसह नोंदवावा. सकाळी सात वाजता, दुपारी बारा वाजता आणि सायंकाळी अशी मोजणी दोन दिवस केल्यास चित्र बरेचसे स्पष्ट होते.

फक्त प्रणाली उघडायला वेळ लागत असेल, तर परवान्याची पडताळणी, विषाणूरोधक आज्ञावली किंवा छपाईयंत्राची जोडणी संशयास्पद ठरते. पावती झटकन जतन होते, पण वार्षिक उतारा निघत नाही, असे असेल तर माहितीचा आकार आणि तिची अंतर्गत सूची पाहावी लागते. सकाळी वेग चांगला आणि दुपारी मंद असेल, तर सर्व्हरवरील किंवा वाटेवरील गर्दी हे कारण संभवते. दिवसभर सारखाच मंदपणा असेल, तर दोष बहुधा स्थानिक असतो.

आणखी एक बाब ध्यानी घ्यावी. उन्नतीनंतरच्या पहिल्या दिवशी प्रणाली जुन्या माहितीच्या सूची नव्याने तयार करत असते. वारंवार लागणारी माहिती स्मृतीत साठवण्यासही तिला थोडा अवधी लागतो. त्यामुळे एक-दोन दिवसांत वेग सुधारत असेल, तर घाईने उपचार करू नयेत. आठवडा उलटूनही फरक पडला नाही, तर मात्र तपासणी आवश्यक आहे.

स्वतःच्या संगणकावरील प्रणाली

सर्वप्रथम माहितीची प्रत काढावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडते का, हे पाहावे. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हेच. त्यानंतर पुढील क्रमाने जावे. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर तीच चार कामे पुन्हा मोजावीत. चार बदल एकदम केल्यास कोणता उपाय लागू पडला, हे कधीच कळत नाही.

१. यंत्राची स्थिती : विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या असता ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. मंद काम चालू असताना प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांपैकी काय शंभर टक्क्यांजवळ गेले आहे, ते पाहावे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या संगणकांत बहुधा डिस्कच अडकलेली दिसते. अशा वेळी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्यास नवा संगणक घेण्यापेक्षा कमी खर्चात मोठा फरक पडतो. मेमरी भरलेली असेल, तर ती वाढवावी. आज ८ जीबीपेक्षा कमी मेमरीवर हिशेबाची प्रणाली, ब्राउझर आणि विषाणूरोधक एकत्र चालवणे जिकिरीचे होते. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे.

२. विषाणूरोधक आज्ञावली : उन्नतीनंतर प्रणालीच्या फायली बदलतात आणि पूर्वी दिलेली सूट लागू राहत नाही. मग प्रत्येक पावतीमागे माहितीच्या फायली तपासल्या जातात. विषाणूरोधक कायमचे बंद करू नये. माहितीचा संच आणि प्रणालीचा संच यांनाच तपासणीतून सूट द्यावी.

३. छपाईयंत्र : जोडणी तुटलेले किंवा बंद असलेले नेटवर्कवरील छपाईयंत्र ‘डीफॉल्ट’ राहिले असेल, तर विंडोजमधील अनेक आज्ञावल्या त्याच्या उत्तराची वाट पाहत थांबतात. तात्पुरते पीडीएफ छपाईयंत्र ‘डीफॉल्ट’ करून फरक पडतो का, हे पाहण्यास दोन मिनिटे लागतात.

४. पूरक आज्ञावल्या : अनेक दुकानांत बिलाचा विशेष नमुना, एसएमएस, बारकोड यांसाठी स्थानिक तंत्रज्ञाकडून छोट्या पूरक आज्ञावल्या बसवून घेतलेल्या असतात. त्या जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या असतात आणि नव्या आवृत्तीत चालल्या तरी अडखळतात. सर्व पूरक आज्ञावल्या बंद करून वेळ मोजावा, मग एकेक सुरू करावी. ज्या पूरक आज्ञावलीनंतर वेग घसरतो, तीच दोषी.

५. माहितीची दुरुस्ती : वीज गेल्यामुळे अर्धवट लिहिल्या गेलेल्या नोंदी स्थलांतरातही तशाच पुढे येतात. ‘टॅलीप्राइम’च्या ‘डेटा’ यादीत प्रत काढणे, दुरुस्ती आणि विभाजन यांची सोय आहे. आधी प्रत, मग दुरुस्ती, हा क्रम मोडू नये. दहा-बारा वर्षांचा हिशेब एकाच संचात असेल, तर जुनी वर्षे वेगळी करता येतात. मात्र विभाजनापूर्वी माहितीची पडताळणी करून निघालेल्या त्रुटी दूर कराव्यात आणि लेखापालाचा सल्ला घ्यावा.

६. बदलांची नोंद : कंपनी म्हणून नोंदणी झालेल्या उद्योगांच्या हिशेब प्रणालीत प्रत्येक बदलाची नोंद राहणे १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील कंपन्यांनाही हा नियम लागू आहे. या नोंदींमुळे माहितीचा आकार वाढतो, हे खरे असले तरी वेगासाठी ती सोय टाळणे कंपनीला परवडणारे नाही.

दोन संगणकांमधील दुवा

दुकान आणि गोदाम येथील दोन संगणक एकाच माहितीवर काम करत असतील, तर प्रथम माहिती असलेल्या मुख्य संगणकावर वेळ मोजावा. तेथे वेग चांगला आणि दुसऱ्या संगणकावर मंद, असे आढळल्यास दोष वाटेत आहे. वाय-फायऐवजी काही काळ साधी केबल जोडून पाहावी. जाड चिऱ्याच्या भिंतींमधून वाय-फायचा संदेश क्षीण होतो आणि हिशेबाची प्रणाली लहान लहान संदेशांची सतत देवाणघेवाण करत असल्याने हा क्षीणपणा चित्रपट पाहताना जाणवतो त्याहून अधिक जाणवतो.

माहितीचा चालू संच पेन ड्राइव्हवर किंवा इंटरनेटवरील साठवणुकीशी आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नये. पहिल्यात वेग कमी आणि बिघाडाचा धोका अधिक, तर दुसऱ्यात प्रत्येक नोंदीनंतर फाइल वर पाठवण्याची खटपट सुरू राहते. या जागा प्रतींसाठी योग्य आहेत, दैनंदिन कामासाठी नव्हेत.

दूरच्या सर्व्हरवरील प्रणाली

डोंगराळ भागातील सोसायटीची अडचण बहुधा येथेच असते. इंटरनेटचा ‘वेग’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. एका सेकंदात किती माहिती वाहते, ही एक. संदेश जाऊन उत्तर परत यायला किती वेळ लागतो, ही दुसरी. हिशेबाच्या कामात दुसरी अधिक महत्त्वाची असते.

उदाहरणादाखल, एक पावती जतन करताना संगणक आणि सर्व्हर यांच्यात ४० फेऱ्या होतात असे धरू. शहरातील तंतुजोडणीवर एका फेरीस ३० मिलिसेकंद लागत असतील, तर पावतीस १.२ सेकंद लागतील. क्षीण मोबाइल जोडणीवर एका फेरीस ६०० मिलिसेकंद लागत असतील, तर त्याच पावतीस २४ सेकंद लागतील. आता नव्या आवृत्तीत तपासण्या वाढून फेऱ्या ६० झाल्या, तर शहरातील वेळ १.८ सेकंद होतो. तेथील कर्मचाऱ्यास हा फरक जाणवतही नाही. गावात मात्र २४ सेकंदांचे ३६ सेकंद होतात. एका शेतकऱ्यामागे असे पाच पडदे जतन करावे लागत असतील, तर दर शेतकऱ्यामागे पूर्ण एक मिनिट वाढते आणि शंभर शेतकऱ्यांच्या रांगेमागे १०० मिनिटे. तीच प्रणाली मुख्यालयात ‘ठीक’ आणि शाखेत ‘बंद’ का वाटते, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

उपग्रहाची जोडणी असेल, तर आणखी एक मर्यादा येते. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली येणे आणि उत्तराने पुन्हा तोच प्रवास करणे, असे सुमारे १ लाख ४४ हजार किलोमीटर अंतर होते. प्रकाशाच्या वेगानेही त्यास जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. अशी जोडणी कितीही महागड्या योजनेची घेतली, तरी हा अर्धा सेकंद कमी होत नाही.

तपासणीसाठी ‘पिंग’ ही विंडोजमधील आज्ञा उपयोगी पडते. तिच्या साहाय्याने फेरीचा वेळ आणि हरवलेल्या संदेशांचे प्रमाण कळते. काही सर्व्हर ‘पिंग’ला उत्तर देत नाहीत, त्यामुळे उत्तर न मिळणे म्हणजे बिघाडच, असे समजू नये. तोच लॅपटॉप दुसऱ्या कंपनीच्या मोबाइल जोडणीवर लावून तेच काम मोजणे हा अधिक खात्रीचा उपाय आहे. फरक पडला, तर दोष जोडणीत. दोन्हीकडे सारखाच मंदपणा असेल आणि दुसऱ्या गावच्या सोसायटीतही तीच स्थिती असेल, तर दोष सर्व्हरच्या बाजूस आहे.

सर्व्हरच्या बाजूची कारणे बहुधा ठरलेली असतात. स्थलांतरानंतर माहितीच्या सूची पुन्हा बांधलेल्या नसतात. माहितीच्या आकाराविषयीची अंतर्गत आकडेवारी शिळी राहते आणि प्रणाली चुकीच्या मार्गाने शोध घेते. दिवसअखेरीची मोठी कामे कार्यालयीन वेळेत सुरू होतात. हजारो शाखा सकाळी दहा वाजता एकदम आत येतात. ही दुरुस्ती गावात होऊ शकत नाही. ती प्रणाली चालवणाऱ्या यंत्रणेलाच करावी लागते.

तक्रार कशी लिहावी?

‘सर्व्हर डाउन आहे’ एवढ्या वाक्यावर कोणतेही मदत केंद्र काही करू शकत नाही. तक्रारीत प्रणालीची आवृत्ती, उन्नतीची तारीख, मंद असलेल्या कामाचे नाव, मिनिटापर्यंत अचूक वेळ, उन्नतीपूर्वी आणि नंतर लागणारा कालावधी, जोडणीचा प्रकार, एकाच संगणकावर की सर्वांवर आणि पडद्यावरील संदेशाचे छायाचित्र एवढी माहिती असावी. अचूक वेळ दिल्यास सर्व्हरवरील नोंदवहीत नेमका तोच व्यवहार शोधता येतो. तक्रार क्रमांक मागून घ्यावा आणि तो वहीत टिपावा. संकेतशब्द किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी मात्र मदतीच्या नावाखालीही कोणास देऊ नये. दूरस्थ नियंत्रण द्यावे लागलेच, तर आपण स्वतः केंद्राला दूरध्वनी केला असेल तेव्हाच द्यावे आणि काम संपेपर्यंत पडद्यासमोरून हलू नये.

मार्चअखेरीस प्रणाली ठप्प झाली, तर भरणा केलेल्या शेतकऱ्यास तारीख, वेळ, रक्कम आणि सही-शिक्का असलेली हस्तलिखित पावती देणे, तिची क्रमवार नोंद ठेवणे आणि जिल्हा बँकेला त्याच दिवशी लेखी कळवणे, ही काळजी संस्थेने घ्यावी. शेतकऱ्यानेही पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. व्याज सवलतीचा प्रश्न पुढे उपस्थित झाल्यास हाच कागद उपयोगी पडतो.

उन्नती केव्हा करावी आणि केव्हा टाळावी?

मार्चअखेर, खरीप कर्जवाटपाचे मे ते जुलै हे महिने, गणेशोत्सवापूर्वीचा बाजार आणि दर महिन्याच्या ८ ते २२ तारखा या काळात स्वेच्छेची उन्नती टाळावी. आठवडा सुटीच्या आदल्या सायंकाळी काम हाती घेतल्यास परत फिरायला एक दिवस मिळतो. जुन्या आवृत्तीचा संच आणि स्थलांतरापूर्वीची माहिती किमान एक महिना जपून ठेवावी. शक्य असल्यास दुसऱ्या संगणकावर माहितीच्या प्रतीवर नवी आवृत्ती आधी चालवावी आणि गर्दीच्या दिवसाएवढ्या पावत्या करून पाहाव्यात.

महाड-पोलादपूर परिसरात प्रत कोठे ठेवावी, हा प्रश्नही गंभीर आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरले आणि दुकानांतील संगणक व दप्तर भिजून नष्ट झाले. त्याच पावसात महाड तालुक्यातील तळीये आणि पोलादपूर तालुक्यातील साखर सुतारवाडी व केवनाळे येथे दरडी कोसळल्या. त्याच टेबलाच्या खणात ठेवलेली प्रत अशा वेळी निरुपयोगी ठरते. एक प्रत दुकानात, दुसरी उंचावरील घरात आणि तिसरी इंटरनेटवरील साठवणुकीत, अशी विभागणी करावी. पावसाळ्यात वीज वारंवार जाते. यूपीएसची बॅटरी मे महिन्यात तपासून घेतल्यास अर्धवट नोंदींमुळे होणारी माहितीची मोडतोड टळते आणि पुढील उन्नतीच्या वेळी मंदपणाचे एक मोठे कारण आधीच दूर झालेले असते.